चावी कोणत्या वयात द्यायची?

परभणी शहरातून चार मोठे रस्ते बाहेर पडतात आणि चारही रस्त्यांना पुढच्या गावांची नावं आहेत: वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड. अकरावी-बारावीचे क्लास भरायच्या नाहीतर सुटायच्या वेळी यांपैकी कुठल्याही रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभं राहावं. स्कूटीवर दोघी, स्प्लेंडरवर तिघं, पाठीला दप्तर, डोक्यावर काही नाही. ट्रॅव्हल्सच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या मधून वाट काढत ही मुलं जातात. अकरावीतलं मूल सोळा-सतराचं असतं, बारावीतलं सतरा-अठराचं. कायदा पाहिला तर यांतल्या बहुतेकांनी अजून हँडलला हात लावायला नको. तरी ती रोज तिथे असतात, आणि घरच्यांना, क्लासवाल्यांना, चौकातल्या पोलिसाला हे नीट ठाऊक असतं.

मोटार वाहन कायदा १९८८चा आहे. त्याचं चौथं कलम सांगतं की, अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवता येणार नाही. अठरा पूर्ण झाले की मात्र सगळं फार पटकन होतं. घरबसल्या आधार कार्डावर लर्निंगची ऑनलाइन परीक्षा. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की पास. तीस दिवस थांबायचं, मग आरटीओच्या मैदानावर किंवा तालुक्याच्या कॅम्पला गाडीचा आठ काढून दाखवायचा. पक्कं लायसन हातात. महिन्याभरापूर्वी ज्याला लूनाही चालवता येत नव्हती, तो आता ३५० सीसीची बुलेट घेऊन, मागे मित्र बसवून, रात्री बारा वाजता नांदेडच्या रस्त्याला लागू शकतो. कायद्याने यात काहीही गैर नाही.

माझं म्हणणं असं की, एकाच वाढदिवसावर उभी केलेली ही व्यवस्था आपल्या जिल्ह्यात कोलमडली आहे. अठराच्या आत ती कोणालाच अडवत नाही आणि अठरानंतर ती कोणालाच काही शिकवत नाही. जगात अनेक ठिकाणी याला उत्तर म्हणून टप्प्याटप्प्याचं लायसन आलं. ते आपल्याकडे यायला हवं, आणि येताना मराठवाड्याचे रस्ते, शेती, विजेचं वेळापत्रक आणि एसटी यांचा हिशेब करून यायला हवं.

कल्पना साधी आहे. विहिरीत पोहायला शिकवताना आपण पोराच्या पाठीला डबा बांधतो, बाप नाहीतर काका पाण्यात उभा असतो. अंग पाण्याला सरावलं की डबा सुटतो, मग काका काठावर येतो, आणि उन्हाळा संपता संपता पोरगं एकटं सूर मारतं. गाडीचंही तसंच करायचं. आधी कोणाच्या तरी देखरेखीखाली बरेच तास सराव. मग काही महिने किंवा वर्षभर एकट्याने, पण अटींवर: रात्री नाही, बरोबरीचे मित्र मागे बसवायचे नाहीत, दारूचा थेंबही नाही, गाडीवर नवशिक्याची पाटी. या काळात गुन्हा केला तर टप्पा लांबतो. नीट पार पडला तर पूर्ण लायसन.

अटी हवेतून आलेल्या नाहीत. नव्या चालकाला सर्वांत जास्त धोका असतो तो एकट्याने चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. गाडी हाकता येणं आणि समोरचा काय करणार हे आधी ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट फक्त किलोमीटर मोजूनच येते. त्यात अंधार मिसळला की धोका वाढतो, आणि मागे समवयस्क बसला की आणखी वाढतो. मागे आई बसली की तोच मुलगा गाडी हळू घेतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. परदेशातल्या अभ्यासांनीही हेच आकडे लावून मांडलं.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया वॉलर या संशोधक बाईंनी उत्तर कॅरोलिना विद्यापीठात असताना १९७०च्या दशकात ही मांडणी केली. संपूर्ण रूपात ती पहिल्यांदा लागू केली न्यूझीलंडने, १ ऑगस्ट १९८७ रोजी. तिथे लर्निंगनंतरचा मधला टप्पा आला: रात्री दहा ते पहाटे पाच गाडी नाही, सोबत अनुभवी चालक नसेल तर प्रवासी नाहीत. न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा देश. गावं लांब लांब, बस कमी, आणि पंधराव्या वर्षी पोराला गाडी लागतेच असा तिथल्या ग्रामीण भागाचा आग्रह. त्यामुळे लायसनचं वय बराच काळ पंधराच राहिलं आणि २०११मध्ये सोळा झालं. परभणीच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. त्यांनी शेतकऱ्याच्या पोराची गरज नाकारली नाही, तिच्याभोवती अटी बांधल्या.

पुढे १९९४मध्ये कॅनडातल्या ओंटारियोने, १९९६मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाने हीच वाट धरली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एकवीस वर्षांखालच्या शिकाऊ मुलाला १२० तासांचा सराव वहीत नोंदवून दाखवावा लागतो, त्यानंतर आधी लाल आणि मग हिरवी पाटी लावून चार वर्षं काढावी लागतात. उत्तर आयर्लंडने ऑक्टोबर २०२६ची तारीख धरून अशीच योजना जाहीर केली. २०११मध्ये तोवर अशी योजना आलेल्या देशांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सोळा वर्षांच्या चालकांचे अपघात पहिल्या वर्षात साधारण पंधरा टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पंधरा टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक, म्हणजे जवळपास पाऊण लाख, दुचाकीवरची होती. महाराष्ट्रातले मृत्यू पंधरा हजारांच्या वर. एवढ्या मोठ्या संख्येतून थोडीही टक्केवारी वजा झाली तर किती घरांतला आक्रोश टळेल!

इथे एक मोठी अडचण आहे आणि ती परदेशी नमुना उचलून आणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ही सगळी रचना मोटारीसाठी झाली. शेजारी बाप बसलेला, हँडब्रेक त्याच्या हाताशी. आपली पोरं शिकतात दुचाकीवर. आपल्या केंद्रीय नियमांतला तिसरा नियमही मोटार डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला आहे: शिकाऊ माणसाबरोबर पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. स्प्लेंडरच्या मागच्या सीटवरून कोणता ब्रेक दाबणार? लाल अक्षरात ‘एल’ लिहिलेली, किमान १८ सेंटिमीटर चौरस पांढरी पाटी पुढे-मागे लावायची, असंही तोच नियम सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीवर ती दिसते. मोटारसायकलवर ती लावलेली आठवते का, वाचकांनीच आठवून पाहावं.

दुचाकीसाठीचा धडा न्यूझीलंडपेक्षा युरोपकडून घेता येतो. युरोपीय संघात जानेवारी २०१३पासून मोटारसायकलचं लायसन ताकदीप्रमाणे वाढत जातं. सोळाव्या वर्षापासून १२५ सीसीपर्यंतची हलकी गाडी, अठरानंतर मध्यम ताकदीची, आणि त्यावर दोन वर्षं काढल्यावर कितीही मोठी. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग एकच. शंभर सीसीची स्प्लेंडर आणि केटीएमची ३९० यांना तेच लायसन. शोरूममध्ये विचारतात ते फक्त हप्त्याचं. अठरा वर्षांच्या मुलाला पहिली गाडी कोणती द्यावी हे कायद्याने ठरवून दिलं, तर बापाचीही रोजच्या हट्टातून सुटका होईल.

आपल्या कायद्याला टप्प्यांची कल्पना माहीतच नाही असंही नाही. ट्रक किंवा बस चालवायची तर वय वीस लागतं आणि त्याआधी हलक्या मोटारीचं लायसन किमान वर्षभर हातात असावं लागतं. हा अनुभवाचा टप्पाच झाला. दुसरा टप्पा त्याच चौथ्या कलमात आहे: सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलची परवानगी, आणि त्यासाठीच्या लर्निंगला पालकांची लेखी संमती. पुण्याच्या फिरोदियांनी १९७२मध्ये लूना आणली. पुढे ती आणि टीव्हीएस-५० परभणी, सेलू, मानवतच्या बाजारपेठांत घरोघर होत्या. मास्तरांपासून मोंढ्यातल्या मुनीमजींपर्यंत सगळे त्यांवर. सोळा वर्षांच्या पोराने तिला पायडल मारलं तर फार तर चाळीसचा वेग. कायद्यातल्या त्या ओळीला तेव्हा गाडी होती. आज बाजारात पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी गाडी मिळत नाही. सगळ्यात हलकी म्हणावी अशी मोपेडही शंभर सीसीच्या घरात, आणि स्कूटी-ॲक्टिव्हा तर ११०-१२५च्या. म्हणजे सोळा ते अठरा या वयासाठी कायद्याने ठेवलेली पायरी कागदावर शिल्लक आहे आणि तिच्यावर पाय ठेवायला जागा नाही.

ती जागा भरून काढली आहे बॅटरीच्या बिननंबरी स्कूटरने. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. नोंदणी नाही, लायसन नाही, हेल्मेटची सक्ती नाही, वयाची अटही नाही. अनेक पालकांनी दहावीतल्या मुलीला ती भरवशाने घेऊन दिली आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. ताशी पंचवीसचा वेग हा शिकायला चांगला वेग आहे. पण काही ठिकाणी वेगाचा लगाम काढून गाड्या विकल्या गेल्या, आणि २०२२मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली. मला विचाराल तर पहिला टप्पा इथेच बांधावा. सोळा पूर्ण, वेगाला कुलूप असलेली बॅटरीची गाडी, तिला नंबर, चालवणाऱ्याला छोटं लायसन, डोक्यावर हेल्मेट, फक्त दिवसा, मागे कोणी नाही. त्यासाठी वयाची अट कुठेच सैल करावी लागत नाही. ५० सीसीची जुनी ओळ आजच्या गाडीला लावायची, एवढंच.

०००

हे सगळं करायची संधी एकदा येऊन गेली होती, आणि तिचा संबंध आपल्याच भागाशी आहे. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ते गेले. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांची परळी आमच्या गंगाखेडला लागूनच. त्या दिवशी इकडच्या गावांतही चुली पेटल्या नाहीत. त्यानंतर रस्ते सुरक्षेचा नवा कायदा करू, असं नितीन गडकरी यांनी जाहीर केलं आणि सप्टेंबर २०१४मध्ये रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाचा मसुदा आला. तो मसुदा पुढे मागे पडला. त्याऐवजी जुन्याच कायद्याची दुरुस्ती २०१६मध्ये लोकसभेत मांडली गेली आणि ती अखेर २०१९च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाली. महाराष्ट्राने वाढलेले दंड डिसेंबर २०२१मध्ये लागू केले. दुरुस्तीत पुष्कळ चांगलं होतं. लायसनचे टप्पे मात्र नव्हते. त्यांच्या जागी आलं कलम १९९ अ.

हे कलम प्रत्येक पालकाने एकदा वाचावं. अठराखालच्या मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. मुलाने माझ्या नकळत गाडी नेली किंवा गुन्हा होऊ नये म्हणून मी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचं. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सगळ्या देशाला हे कलम माहीत झालं.

त्या प्रकरणातला संताप रास्त होता. पण पोर्शेच्या नजरेने परभणीच्या पोराकडे पाहिलं तर चूक होईल. इथे चावी बाप स्वतः देतो. खताचं पोतं आणायचं असतं, आजीला दवाखान्यात न्यायचं असतं, बहिणीला परीक्षेला सोडायचं असतं. बापाला उजेड असेपर्यंत शेत सुटत नाही आणि घरात गाडी चालवणारा दुसरा कोणी नसतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ‘पोरगं गाडी हाणायला लागलं’ हे घरात कौतुकाने सांगितलं जातं. अशा पोराला सतराव्या वर्षी पकडलं आणि पंचवीसपर्यंत लायसन बंद केलं, तर पिकअपचा ड्रायव्हर, डिलिव्हरीचं काम, पोलिस भरतीतलं चालक पद, सगळ्याच वाटा बंद. शिक्षा एवढी मोठी की ती लावायला कोणाचा हात धजत नाही, आणि मग पाचशे-हजारात नाहीतर दम देऊन प्रकरण मिटतं. पहिल्या चुकीला छोटी शिक्षा, दुसरीला मोठी, असा टप्प्यांचा कायदा रोज वापरता येतो. एकदम कोसळणारा कायदा कपाटात राहतो.

कायदा कपाटात राहिला तरी विम्याचा हिशेब कपाटात राहत नाही. लायसन नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, ही वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या स्वर्णसिंह निकालाने पक्की केली. २०११मध्ये त्याच न्यायालयासमोर दिल्लीचं एक प्रकरण आलं. अल्पवयीन मुलाने नातेवाइकाच्या घरातल्या टेबलावरची मोटारसायकलची चावी न विचारता उचलली, गाडी नेली, आणि एका माणसाचा जीव गेला. मालकाचं म्हणणं, मी परवानगी दिलीच नव्हती. न्यायालयाने सांगितलं की गाडीचा गैरवापर होऊ नये हे पाहणं मालकाचं काम होतं, आणि वसुली त्याच्याकडूनच कायम ठेवली. भरपाईचा दावा लाखांत असतो. कोरडवाहू तीन एकरवाल्यासाठी याचा अर्थ काय होतो, हे सांगायची गरज नाही. तरीही आपल्या घरांत गाडीची चावी आजही दाराजवळच्या खिळ्यालाच असते.

०००

परभणी जिल्ह्यात टप्प्यांचे नियम बसवायचे तर आधी इथला रस्ता पाहायला हवा. कल्याणहून अहिल्यानगर, बीड जिल्हा करत येणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेडकडे जातो. सिमेंटचा झाल्यावर वेग वाढला. पण आमची माती काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सिमेंटच्या कडेची साइडपट्टी खचून खाली बसते. समोरून ट्रक ओव्हरटेक करत अंगावर आला की दुचाकीवाला खाली उतरतो, आणि परत वर चढताना पुढचं चाक त्या वितीएवढ्या कडेला घासतं. जाणता माणूस इथे गाडी जवळजवळ थांबवतो, हँडल कडेला काटकोनात आणून मगच वर घेतो. नवशिका वेगात तिरपी घालतो आणि मागच्या गाडीखाली जातो. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला चिकटलेला चिखल डांबरावर पसरत जातो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री न दिसणाऱ्या ट्रॉल्या: मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आरटीओच्या मैदानावरचा आठ यांतलं काहीही शिकवत नाही. तास मोजून सराव हवा म्हणतात तो याचसाठी, आणि त्या वहीत ‘चिखलाचा रस्ता’, ‘साइडपट्टीवरून वर येणं’, ‘समोरून डिपर न देणारी गाडी’ असे रकाने हवेत.

रात्रीच्या बंदीचा प्रश्न इथे सगळ्यात अवघड आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं रात्री अकराला, दोनला मोटारसायकलवर शेतात दारं धरायला जातात. त्यांना ‘रात्री गाडी नाही’ असं सांगणं म्हणजे पीक वाळू द्या म्हणणं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी नोकरी आणि शेतीच्या कामासाठी रात्रीच्या अटीला सूट ठेवली. आपल्यालाही ठेवावी लागेल: स्वतःच्या गावाच्या शिवारात, गावरस्त्यावर, एकट्याने चालेल, महामार्गावर नाही. आणि सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची वीज खरोखर आली, तर तो रस्ते सुरक्षेचाही कार्यक्रम ठरेल. शेतकरी दिवसा वीज मागतो तेव्हा तो साप-विंचवाबरोबर या अंधारातल्या रस्त्यापासूनही सुटका मागत असतो.

मित्र मागे न बसवण्याच्या अटीला मात्र मी सूट देणार नाही. दुचाकीवर एकापेक्षा जास्त माणूस मागे बसवायला कायद्याने आजही बंदी आहे, हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबन. तरी लग्नाला, जत्रेला, उरुसाला ट्रिपल सीट हीच रीत. पहिल्या वर्षी आई, बाप, आजी, बहीण मागे बसलेली चालेल. दोस्त नाही. यातून गरज अडत नाही आणि मरणाचं मोठं कारण कमी होतं.

एक गोष्ट कायद्याच्या बाहेरची आहे, पण तिच्याशिवाय हे सगळं फोल आहे. एसटी. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने खेड्यातल्या हजारो मुलींना शाळेपर्यंत आणलं. ज्या सरकारी योजनांबद्दल मनापासून चांगलं लिहावं त्यांपैकी ही एक. मुलांना पास सवलतीत मिळतो. पण गाडी शाळेच्या वेळेला जुळलेली असते. सकाळी सहाच्या नीट-जेईईच्या क्लासला पालम किंवा सोनपेठच्या खेड्यातून कोणती बस पोहोचते? २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत ज्या पोरांच्या हातात गाडी आली, त्यांच्या हातून ती परत काढून घेणं कोणाला जमलेलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ‘गाडी चालवू नको’ म्हणण्याचा नैतिक अधिकार, त्याला वेळेवर बस देणाऱ्या सरकारलाच आहे.

शिकवणार कोण, हा आणखी एक प्रश्न. ड्रायव्हिंग स्कूल बहुतेक मोटारीचे. दुचाकी मात्र गावचं खळं, शाळेचं मैदान आणि चुलत भाऊ यांच्याच भरवशावर. केंद्राने जुलै २०२१पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली. त्यात हलक्या मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. पुण्याला भोसरीत मोठी प्रशिक्षण संस्था आहे. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात दुचाकीसाठी असं एक मैदान तरी का असू नये? कृषी विद्यापीठ १९७२पासून इथे आहे, आयटीआय आहेत, जागा आहे. खचलेली साइडपट्टी, चिखल, रात्रीची ट्रॉली यांचा सराव सुरक्षित जागेत करून घेता येतो. घरबसल्या लर्निंगच्या परीक्षेत मुलाच्या नावाने दुसराच कोणी उत्तरं देतो अशा तक्रारी ही सोय सुरू झाल्यापासून आहेत. पहिल्या टप्प्याची परीक्षा समोर बसूनच व्हायला हवी, ज्युनिअर कॉलेजातच घ्या, म्हणजे खेड्यातल्या पोराला परभणीची खेप पडणार नाही.

लायसनची वयं आणि वर्ग हे केंद्राच्या कायद्यातले विषय आहेत. परभणीत बसून कोणी ते बदलू शकत नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, खासदारांच्या अध्यक्षतेखालची समिती वेगळी आहे. त्यांच्या बैठकीत खड्डे, गतिरोधक आणि ब्लॅक स्पॉटची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. त्यात एकदा हाही विषय घ्यावा आणि ठराव करून दिल्लीला पाठवावा: सोळाची पायरी बॅटरीच्या नोंदणीकृत गाडीसह जिवंत करा, अठरानंतरचं पहिलं वर्ष अटींचं करा, मोटारसायकलच्या ताकदीप्रमाणे लायसन वाढवत न्या, शेतीच्या रात्रीला सूट ठेवा, आणि कलम १९९ अ मधली पंचवीस वर्षांपर्यंतची बंदी गुन्ह्याच्या प्रमाणात आणा. ज्युनिअर कॉलेज आणि क्लासचालकांनी लायसन नसलेल्या मुलाच्या गाडीला पार्किंगमध्ये जागा देऊ नये आणि त्याच दिवशी एसटीच्या आगारप्रमुखांकडे आपल्या वेळेच्या बसची लेखी मागणी करावी. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच त्या न्याय्य ठरतील.

आणि हा अंक ज्या घरात वाचला जातोय, तिथे एक विनंती. येत्या पाडव्याला पुष्कळ घरांत नवी दुचाकी येईल. गाडीसोबत प्रमाणित हेल्मेट देणं नियमाने बंधनकारक आहे, ते मागून घ्या. घरात अठरा झालेलं पोरगं किंवा पोरगी असेल तर पहिल्या वर्षाच्या अटी हार घालण्याआधी कागदावर लिहा: अंधार पडल्यावर महामार्ग नाही, मागे मित्र-मैत्रीण नाही, हेल्मेटशिवाय अंगणाबाहेर नाही. पोरगं अठराच्या आतलं असेल तर दाराजवळच्या खिळ्यावरची चावी कपाटात ठेवा आणि कुलूप लावा.